सतरावा प्रश्न

तीन वर्षांपूर्वी बदलीवर या गावात आले, तेव्हा खोली शोधत शोधत किसनअप्पांच्या दारात पोचले. अप्पा ओसरीवर पाय पसरून शेंगा फोडत बसले होते. वय सत्तरीचं, अंगात बंडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली, खोली पाहिजे म्हणाले. त्यांनी तोंडातला दाणा चावून संपवला आणि विचारलं,

"बाई, पोर्तुगालची राजधानी?"

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. "काय म्हणालात?"

"पोर्तुगाल. राजधानी."

"लिस्बन," मी म्हणाले. आता शिक्षिका म्हटल्यावर एवढं यायलाच पाहिजे.

"झटक्यात सांगितलंसा. बरं. वॉटर्लूची लढाई झाली, ते वॉटर्लू कुटल्या देशात?"

"फ्रान्स."

अप्पांनी डोळे मिटले. पोटात कळ आल्यासारखं तोंड केलं. मग आत मान वळवून ओरडले, "अगं, बाई आल्यात खोली बगायला. सोळा कॅरट हायत. दिऊया खोली. हळूहळू वर काडू." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बेल्जियम, बाई. बेल्जियम. सगळं जग तितंच आपटतंय."

आता मी सांगलीची, माधवनगरच्या बाजूची. आमच्याकडं कुणी उगीच ऐकून घेत नाही. त्यात मी भूगोल घेऊन बी. ए. झालेली. बंडीतला माणूस मला सोळा कॅरट म्हणतो म्हणजे काय! मी तणतणत परत निघाले होते, पण तेवढ्यात शालनकाकी, म्हणजे अप्पांच्या मंडळी, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मनावर घिऊ नगासा. लगीन झाल्यावर मला पैला सवाल काय टाकला म्हाईत हाय? नॉर्वे कुटं हाय. मी म्हनलं, तुमच्या गावाकडं आसंल, आमच्याकडं न्हाई."

मी हसले आणि तिथंच फसले. ती खोली मी अजून सोडलेली नाही.

अप्पांचं हे कॅरटचं प्रकरण आधी सांगते. आमच्या या भागातली माणसं कित्येक पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सराफांचे जुने दागिने, मोड, कारखान्यातली झाडलोट आटवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं. हिंदुस्थानातल्या कुठल्याही सराफ कट्ट्यावर जा, कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत भट्टीपुढं बसलेला माणूस आमच्याकडचा निघतो. अप्पांनी चाळीस वर्षं केरळात, त्रिशूरला, हेच केलं. सोनं दगडावर घासायचं, रेघ बघायची आणि सांगायचं किती कसाचं आहे ते. गावी परतल्यावर घासायला सोनं राहिलं नाही, म्हणून माणसं घासायला लागले. दगड म्हणजे युरोप.

युरोपच का, आफ्रिका का नाही, ते पुढं येईल. पण दारात आलेल्या माणसाला युरोपातलं काहीतरी विचारल्याशिवाय अप्पांच्या घशाखाली चहा उतरत नाही. विजेचं मीटर बघायला येणारा पोरगा आता गेटातूनच ओरडतो, "अप्पा, रेक्याविक! आइसलँड! बगू का मीटर?" निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार पंचवीस माणसं घेऊन पाया पडायला आला. अप्पांनी त्याला वाकू दिलं, आशीर्वाद दिला आणि विचारलं, "डॅन्यूब नदी किती देशांतनं जाती?" उमेदवार म्हणाला, "आपलं सरकार आलं की सगळ्यांना पाणी देऊ." अप्पा म्हणाले, "दहा देश. आपली किस्ना तीन-चार राज्यांतनं जाती तर आयुष्यभर लवाद चाललाय. तितं दहा देश हायत, आन् एक नदी. तुमी न्हाई निवडून यायचा." आणि खरंच नाही आला. तेव्हापासून अप्पांची गावात दहशतच बसली.

सगळ्यात कडी म्हणजे शेजारच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले होते ते. वडीलधारे म्हणून अप्पांना बसवलं होतं. पोहे झाले, चहा झाला, मुलगा पुण्यात इंजिनियर, सगळं जमत आलेलं. अप्पांनी मुलाला विचारलं, "स्वित्झर्लंडात भाषा किती?" मुलगा म्हणाला, "एकच. स्विस." अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "बारा कॅरट." मुलीच्या बापाला घाम फुटला. पाहुणे घुश्शात उठून गेले. तिसऱ्या दिवशी त्या मुलाचा अप्पांना फोन आला, "आजोबा, चार. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि चौथी रोमान्श." अप्पा चप्पल न घालता शेजारी गेले आणि म्हणाले, "पोरगी द्या. चुकला, पन गप बसला न्हाई." लग्न झालं. संसार चांगला चाललाय म्हणे.

युरोप त्यांनी बघितलाय का, तर छे! पासपोर्ट नाही, विमान फक्त आभाळात बघितलेलं. पण ऐकायला बसा, असं वाटतं काल संध्याकाळी ॲमस्टरडॅमहून एस.टी.नं परतलेत. "नेदरलँड मंजी काय, बाई, पुरातली सांगलीच की. फरक एवडाच, आपल्याकडं पानी आठ दिवसांनी उतारतंय, त्येंच्याकडं बारमाई दाराशी. पन त्येंनी समुद्राला बांद घातला. आपन बांदावरनं भांडतोय." पिसाच्या मनोऱ्याबद्दल त्यांना फार आदर. "वाकडा झाला तरी पाडला न्हाई. आमच्या पंचायतीनं सरळ हुबी टाकी पाडली." आणि व्हॅटिकन? "आपल्या गायरानाएवडा देश. पन अतिक्रमन न्हाई बगा."

मी एकदा वैतागून म्हणाले, "अप्पा, एवढं सगळं शिकलात कुठं? सातवी तरी झालात का?"

"सातवी नापास," ते अभिमानानं म्हणाले. "शिकलो भिंतीवर."

मग त्यांनी सांगितलं. तेराव्या वर्षी ते त्रिशूरला गेले, तेव्हा बरोबर कुंडलचा महादेव होता. त्याच वयाचा. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, एक भट्टी, तेजाबाचा धूर आणि ओल मारलेली भिंत. मालकानं ओल झाकायला कुठल्याशा शाळेतून टाकून दिलेला युरोपचा नकाशा आणून चिकटवला. नावं सगळी मल्याळीत. बाहेरची भाषा येत नाही, गावाकडचं कुणी नाही, वर्षातून एकदा यात्रेला घरी यायचं, बाकी अकरा महिने समोर भट्टी आणि मागं युरोप. दुकानात एक निवृत्त हेडमास्तर यायचे, घरचं काही ना काही आटवायला. सोनं वितळेपर्यंत त्यांना बसायला लागायचं. बसल्या बसल्या ते या दोन पोरांना नकाशावरचं एकेक नाव वाचून दाखवायचे, त्या देशाची गोष्ट सांगायचे. एक आटणी, एक देश. पोरं मल्याळी शिकली ती फ्रान्स, स्पेन, इटली करत. आणि मास्तर गेले की दिवसभर दोघांचा खेळ. भट्टी फुंकता फुंकता एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं.

"हरायचं कोण?" मी विचारलं.

"मादू कवाच हरला न्हाई," अप्पा म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले. महादेवचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं ते असं. त्यानंतर दोन वर्षं ऐकलं नाही.

बाकीचं काकींनी सांगितलं, तेही पहिल्याच वर्षी, आमच्या गावच्या यात्रेनंतर.

चैत्रातली यात्रा म्हणजे आमच्या गावाची दिवाळीच. गलाईवाले झाडून सगळे घरी येतात. गल्लीत तमिळनाडूपासून बंगालपर्यंतच्या नंबरप्लेटी. दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचं मैदान असतं आणि त्याआधी, सकाळी, शाळेच्या व्हरांड्यात अप्पांची परीक्षा. युरोप सामान्यज्ञान, वीस प्रश्न, वय कितीही चालेल. वीसपैकी वीस मिळवणाऱ्याला अप्पांनी स्वतः आटवलेल्या शुद्ध चांदीची वाटी. अठरा वर्षं परीक्षा चालू आहे, वाटी अजून अप्पांच्याच कपाटात.

पहिल्या वर्षी मी उत्साहानं बसले. माझे एकोणीस आले. मी म्हटलं, शक्यच नाही. पेपर मागवून घेतला. सतरावा प्रश्न होता, 'झेकोस्लोव्हाकियाची राजधानी कोणती?' मी लिहिलं होतं, 'हा देश आता अस्तित्वात नाही. त्याचे झेक आणि स्लोव्हाकिया असे दोन देश झाले.' त्यावर तांबडी फुली.

"अप्पा, हे काय? त्र्याण्णव सालीच तो देश फुटला!"

"न्हाई फुटला."

"अहो, शाळेच्या पुस्तकात आहे!"

"पुस्तकाचं मला सांगू नगासा. उत्तर प्राग."

"जर्मनी एक झाला ते मान्य आहे का तुम्हाला?"

"मान्य."

"रशिया फुटला, युगोस्लाव्हिया फुटला?"

"मान्य. तितं भांडनं झाली, मारामाऱ्या झाल्या. फुटनारच." अप्पांनी चष्मा काढला. "पन झेकोस्लोव्हाकियात काय झालं? कायबी न्हाई. एक दगुड कुनी मारला न्हाई. सकाळी उटलं आन् येगळं झालं. भांडन न करता कुनी येगळं हुतंय व्हय? दोन भावांची वाटनी बगितलीया का कवा गप-गुमान झालेली? खोटं हाय त्ये सगळं."

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, असं ठरवून मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच वाळवंट कुठल्या खंडात नाही असं विचारून तो मोडला.

आणि त्याच वेळी पोस्टमन एक पाकीट घेऊन आला. अप्पांनी हात धुतले, टॉवेलला पुसले, तांबडी पेन्सिल काढली. पाकिटात परीक्षेचा सोडवलेला पेपर. आमच्याच परीक्षेचा! एकोणीस उत्तरं ताठ, टपोऱ्या अक्षरात. सतराव्या प्रश्नापुढं लिहिलं होतं, 'यंदाही नाही.' अप्पांनी त्यावर अशी झोकात फुली मारली की पेन्सिलीचं टोक मोडलं. "हाय तसाच हाय अजून! खोंड! मरंपतुर न्हाई सुदरायचा!" आणि त्या दिवशी त्यांनी काकींना आग्रह करून पुरणाची पोळी करायला लावली.

"कुणाचा पेपर?" मी काकींना हळूच विचारलं.

काकींनी लाटणं थांबवलं. "मादूभावजींचा. कुंडलचे. दोगं पंचवीस वरसं एका ताटात जेवल्यात, बाई. आन् एक दिस सकाळी ह्ये उटले तर भावजींची वळकटी न्हाई, पेटी न्हाई. त्यास्नी राजकोटला सोताचं दुकान मिळालं हुतं, गेले. बोलले न्हाईत, भांडले न्हाईत. म्हयन्याभरानं पत्र आलं. येवडंच लिवलं हुतं, 'किसन्या, ऐकलंस का? झेकोस्लोव्हाकिया येगळा झाला. भांडन न्हाई, कायबी न्हाई. आपापले निगून गेले.' ह्येंनी ते पत्र तितंच भट्टीत घातलं. उलट कळवलं, 'असं कुनी जात नसतं. देश हाय तसाच हाय.' झालं. तवापास्नं आजपतुर एक शबुद न्हाई. म्होरं भावजी बी गावी आले. कुंडल काय लांब हाय का? पन ह्ये जाईनात आन् त्ये येईनात."

"आणि हा पेपर?"

"गावी आल्यावर ह्येंनी परीक्षा काडली. समद्या गावाची म्हनून. आन् एक पेपर पोस्टानं कुंडलला. बरूबर चिट्टी न्हाई, नाव न्हाई. तिकडनं बी तसंच. पैल्या साली भावजींनी लिवलं, 'फुटला. बातम्या ऐका.' दुसऱ्या साली, 'अजून फुटलेलाच आहे.' एकदा लिवलं, 'जाऊन बघून ये.'" काकी हसल्या, पण डोळ्याला पदर लावला. "दोगांचं येवडंच बोलनं हाय बगा. वरसातनं एक उत्तर, आन् त्ये बी चूक."

पुढच्या वर्षीपासून कुंडलच्या पाकिटावर पत्ता लिहायचं काम माझ्याकडं आलं. "माजं अक्षर नगं. त्यो वळखंल," अप्पा म्हणाले. जसं काही या गावातून युरोपवर पेपर पाठवणारे शंभर लोक आहेत! पण मी गप लिहिला. खरं सांगायचं तर मलाही आता त्या पाकिटाची ओढ लागली होती. हे दोन म्हातारे एकदा तरी समोरासमोर बसावेत, असं मनापासून वाटायचं. बोलून बघितलं तर अप्पा म्हणायचे, "त्येनं येवं. गेला त्यो हाय, मी न्हाई."

आणि या वर्षी काय झालं ते ऐका.

यात्रा झाली, परीक्षा झाली, कुणालाही वाटी मिळाली नाही. एप्रिल असल्यानं माझी सकाळची शाळा. दुपारी घरी येऊन पंख्याखाली बसले होते, तेवढ्यात पोस्टमन आला. अप्पांनी हात धुतले, पेन्सिल घेतली. मी मुद्दाम ओसरीवर जाऊन बसले, यंदा काय लिहिलंय बघायला. पहिला बरोबर, दुसरा बरोबर, अप्पा टिका मारत चालले. सतराव्याला हात थांबला.

मी वाकून बघितलं. लिहिलं होतं, 'प्राग.'

"अप्पा! वीसपैकी वीस! वाटी द्यावी लागणार आता!" मी टाळी वाजवली.

अप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. खरंच सांगते, भिंतीसारखा पांढरा. त्यांनी तो कागद उजेडात धरला, उलटा केला, परत सरळ केला. अक्षर तेच होतं, पण जरा कापरं.

"ह्येनं चूक केली," ते म्हणाले.

"अहो, तुमच्या हिशेबानं बरोबर आहे की!"

"बाई, मादू चूक करत न्हाई!" ते एवढ्या जोरात ओरडले की काकी आतून धावत आल्या. "त्येला काय तरी झालंय. बाई, गाडी काडा. काडा म्हनतो ना!"

चैत्राच्या उन्हात, भर दुपारी, माझ्या स्कूटीवर मागं अप्पा. बंडीवर शर्ट घालायचंही सुचलं नाही त्यांना. कडेगावच्या पुढं रस्ता खोदलेला, धुरळा नुसता. वीस-पंचवीस किलोमीटरच्या वाटेत या माणसानं मला एक प्रश्न विचारला नाही. फक्त अधूनमधून खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "जरा रेटा, बाई."

कुंडलला घर विचारत विचारत पोचलो. अंगणात आंब्याच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक वाळका म्हातारा बसला होता, तेच महादेव, म्हणजे महादूअप्पा. शेजारी एक बाई बॅग भरत होती, ती त्यांची सून. तीस वर्षांनी भेटत होते दोघं. मला वाटलं, आता मिठ्या मारतील, रडतील. अप्पा गेटातच उभे राहिले, कागद वर धरला आणि म्हणाले,

"ह्ये काय लिवलंयस?"

महादूअप्पांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "बराबर लिवलंय. तुला पायजे हुतं त्ये."

"मला पायजे त्ये कवापास्नं करायला लागलास?"

"चपला काड आन् आत ये."

"न्हाई येत. आदी सांग, उत्तर का बदललंस?"

सून मध्ये पडली. "आवं, परवा मिरजेला ऑपरेशन हाय मामांचं. छातीचं. डॉक्टर म्हनले, काळजी करू नका, पन कागदावर सही द्या. तवापास्नं मामा सगळ्यांस्नी फोन करून माफी मागत्यात. काल दूधवाल्याची बी मागितली."

अप्पा पायरीवर बसले. म्हणाले, "मंजी मला दूधवाल्यात धरलंस."

"तसं न्हवं रं, किसन्या." महादूअप्पांचा आवाज बसलेला. "म्हनलं, किसन्याचं एक उत्तर ऱ्हायलंय. दिऊन टाकावं. न जानो. तुजं समाधान."

अप्पांनी चष्मा काढून बंडीला पुसला. मग म्हणाले, "मादू, त्यो देश फुटलाय."

"आं?"

"फुटलाय. मला ठावं हाय. तुजं पत्र यायच्या आदीच हेडमास्तरांनी पेपर वाचून दावला हुता."

"मग इतकी वरसं काय माझी चेष्टा लावली हुतीस व्हय रं?" महादूअप्पा खुर्चीतून उठायला लागले. सुनेनं दाबून बसवलं.

"कबूल केलं आसतं तर तू कागुद कशापायी धाडला आसतास?"

मला तिथं उभं राहवेना. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मी पुसतही नव्हते. अठरा वर्षं हा माणूस एक खोटं उत्तर उराशी धरून बसला होता, साऱ्या गावाच्या नावानं परीक्षा घेत होता, कशासाठी, तर वर्षातून एकदा कुणीतरी त्याला 'चुकतोयस' म्हणावं म्हणून. आणि मी मूर्ख त्याला शाळेचं पुस्तक दाखवत होते.

"न सांगता गेलो, त्ये चुकलं माजं," महादूअप्पा म्हणाले.

"व्हय, चुकलं!" अप्पा एकदम भडकले. तीस वर्षांचं साठलेलं सगळं वर आलं. "भांडायचं हुतंस की! मुस्काटात द्यायची हुतीस माज्या! पन सांगून जायचं हुतंस. आठ दिस मी दोगांचा भात रांदला, मादू. आठ दिस! म्हनलं, गेला आसंल कुटं, यील."

"सांगितलं आसतं तर पाय निगाला नसता रं माजा."

"निगालाच नसता! म्या निगू दिला नसता!"

सुनेनं पाणी आणलं. अप्पांनी अर्धा तांब्या प्यायला आणि उरलेला महादूअप्पांच्या हातात दिला. मग बंडीच्या खिशातून तांबडी पेन्सिल काढून कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "खोड त्ये. खरं लिव."

महादूअप्पांनी 'प्राग' खोडलं आणि लिहिलं, 'असा देश नाही.' अप्पांनी कागद परत घेतला, चष्मा सावरला आणि त्यावर तीच झोकातली फुली मारली.

"ह्ये काय?" महादूअप्पा ओरडले. "आता तर तूच म्हनलास फुटलाय म्हनून!"

"एकुनीस. नापास. फुडल्या साली परत बसायचं. आन् शाळेत यिऊन बसायचं, पोस्टानं चालनार न्हाई."

महादूअप्पा हसले. हसता हसता छातीवर हात गेला तशी सून घाबरली, पण ते हसतच होते. "भ्या वाटतंय, किसन्या," ते म्हणाले.

"मला बी," अप्पा म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

मी एकटीच परत आले. अप्पा आले नाहीत. "शालनला सांगा, मी मिरजेला चाललोय. शर्ट धाडून द्या," एवढाच निरोप दिला.

ऑपरेशन नीट झालं, हे आधीच सांगून टाकते. उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. महादूअप्पा आता कुंडलला काठी घेऊन अंगणात फिरतात आणि अप्पा दर आठवड्याला एस.टी.नं जाऊन त्यांना छळतात. पण मला आठवतो तो ऑपरेशनच्या सकाळचा फोन. मी शाळेत होते. मधली सुट्टी झाली होती. अप्पांचा आवाज दबलेला, मागं दवाखान्याचा गलका.

"बाई, एक आडचन हाय. ह्येंनी कागुद भराय दिलाय. सुनंचं आन् ल्येकाचं नाव झालं. मला बी संगं थांबायचंय तर म्हनत्यात, पेशंटचं आन् तुमचं नातं लिवा. काय लिवू?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर त्यांना खरोखर माहीत नव्हतं, असं पहिल्यांदाच होत होतं. मित्र लिहा म्हटलं तर थांबू देणार नाहीत. "भाऊ लिहा, अप्पा," मी कशीबशी म्हणाले.

"म्या बी तेच म्हनलं. पन इतं इचारत्यात, सख्खा का चुलत."

मी बोलायच्या आत पलीकडून, बहुतेक स्ट्रेचरवरूनच, एक बसलेला आवाज आला.

"सख्खा लिव की रं. इचारतोस काय?"